गाइडच्या केबिनमध्ये न विचारलेला प्रश्न

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या राज्य सरकारच्या संस्थेकडून मिळणाऱ्या फेलोशिपचा विषय निघाला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत विचारले, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? राज्यभर संताप उसळला आणि तो रास्त होता. सारथी आणि तशाच बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपवर अवलंबून असलेली बरीच मुले घरातली पहिलीच इतकी शिकलेली असतात. फेलोशिपसाठी आझाद मैदानात ठाण मांडून बसलेली ही मुले मुंबईने पाहिली आहेत. त्यांच्या धडपडीला सभागृहातून असे उत्तर मिळावे, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या गदारोळात एक गोष्ट मात्र बाजूला राहिली. सत्तेतल्या माणसाने तुच्छतेने विचारलेला प्रश्न आपल्या विद्यापीठांत आपुलकीनेही कोणी विचारत नाही. विद्यार्थी पेट ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देतो, गाइड म्हणजे मार्गदर्शक शोधतो, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहितो, आरआरसी या मान्यता देणाऱ्या समितीपुढे उभा राहतो. या सगळ्या वाटेवर 'हे झाल्यावर तू काय करणार आहेस?' असे त्याच्याशी बसून बोलणारे कोणी भेटत नाही. हा प्रश्न येतो तो पाच-सात वर्षांनी, व्हायवा म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा होऊन पेढे वाटून झाल्यावर, आणि तोही नातेवाइकांकडून.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि पीएच.डी.ची गाइडही आहे. गाइड कसा निवडायचा आणि पीएच.डी.नंतर काय करायचे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असे माझे ठाम मत झाले आहे. पहिल्याच भेटीत, त्याच खुर्चीवर बसून दोन्हींची चर्चा झाली पाहिजे. ती व्हायची तर विद्यार्थ्याच्या हातात काही माहिती आधीच असायला हवी, आणि ती पुरवणे हे विद्यापीठाचे काम आहे. आज ते होत नाही.

आधी गाइड कसा मिळतो ते पाहू. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नियम चांगले आहेत, पण शिक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी असल्यामुळे गाइड कमी आणि त्यामुळे जागाही कमी. मग परीक्षा पास झालेली मुले याद्या घेऊन फिरतात. कोणी कुर्ल्याहून, कोणी सांताक्रूझहून कालिन्याला मुंबई विद्यापीठात पोचतो, विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून राहतो. 'सर, जागा आहे का?' हा पहिला प्रश्न आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा. जागा आहे म्हटले की विषय, पद्धत, स्वभाव, सगळे मान्य. जिच्याशी पुढची सहा वर्षे बांधली जाणार, त्या व्यक्तीबद्दल विद्यार्थ्याला त्या क्षणी जेवढी माहिती असते, त्याहून जास्त चौकशी आपण भाड्याची खोली घेताना करतो.

माझ्याकडे एकदा कल्याणची एक मुलगी आली. चाळीतल्या बायकांच्या भिशीवर तिला काम करायचे होते. पैसा कोण धरते, कोणाचा हप्ता चुकला तर काय होते, बँकेत खाते असूनही बायका भिशी का सोडत नाहीत, हे सगळे तिच्या आईच्या आणि मावशांच्या आयुष्यातून तिला दिसलेले होते. पण आधी ज्यांच्याकडे जागा मिळाली होती त्यांनी तिला तयार विषय दिला होता, अमुक जिल्ह्यातील बँकांच्या ग्राहकांचे समाधान. प्रश्नावली तयार, नमुना तयार, प्रकरणांची नावेही तयार. दीड वर्ष तिने ते ओढले. ती आळशी नव्हती की हट्टी नव्हती. तिच्या स्वतःच्या प्रश्नाला कोणी प्रश्न मानले नव्हते, एवढेच.

असे झाल्यावर विद्यार्थ्याला दोष देणे सोपे असते. विद्यार्थ्यांच्या बाजूनेही चुका होतात आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे पहिला मेल. आम्हा गाइडांना येणाऱ्या मेलमध्ये बहुतेक मजकूर एकच असतो: आदरणीय सर किंवा मॅडम, मी पेट किंवा नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची इच्छा आहे, बायोडेटा जोडला आहे. 'सर किंवा मॅडम' हे शब्द तसेच ठेवून तीस जणांना एकाच वेळी पाठवलेला मेल उघडला की पाठवणाऱ्याला मी कोण आहे याच्याशी देणेघेणे नाही, हे कळते. त्याला उत्तर न देणारे प्राध्यापक उद्धट असतातच असे नाही.

उलट चार परिच्छेदांचा साधा मेल किती काम करतो! मी कोण, काय शिकलो. तुमचा अमुक लेख वाचला, त्यातली अमुक गोष्ट पटली आणि अमुक ठिकाणी शंका आली. मला हा प्रश्न अभ्यासायचा आहे, त्यासाठी मला एवढे येते आणि एवढे शिकावे लागेल. फेलोशिप आहे किंवा नाही, नोकरी करतो किंवा नाही, आणि पुढच्या पंधरवड्यात वीस मिनिटे भेटू शकाल का. एवढेच. भाषा मोडकी असली तरी चालते. मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी चुकेल या धास्तीने दुसऱ्याचा गुळगुळीत मसुदा उचलतात आणि त्यात त्यांचा स्वतःचा प्रश्नच हरवून जातो. मी अशा मुलांना सांगते, मराठीत लिहा. मुंबईतल्या अनेक गाइडांना मराठी येते, आणि ज्याला मराठी मेल वाचायचा कंटाळा आहे त्याच्याकडे तुमच्या वस्तीतल्या विषयावर काम करण्यात फारसा अर्थ नाही. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. त्यानंतर दुसऱ्या दारी जा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नसते.

परदेशात अर्ज करणाऱ्यांसाठी रीत थोडी वेगळी आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रवेश विभागाची समिती देते, प्राध्यापकाशी आधी झालेला पत्रव्यवहार मदत करतो पण जागा देत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक आधी तयार असावा लागतो. जर्मनीसारख्या देशांत पीएच.डी. ही बरेचदा पगारी जागा असते आणि तिची जाहिरात निघते. आपल्याकडची मुले तिन्ही ठिकाणी एकच अर्ज पाठवतात, कारण हा फरक त्यांना कॉलेजात कोणी सांगितलेलाच नसतो.

आता विद्यार्थ्याने काय विचारावे याकडे येते, कारण खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे गुरूला प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानतात. गाइड तुमची मुलाखत घेणार, तुम्ही गाइडची घ्यायची नाही. माझे म्हणणे असे की घ्यायचीच. महिन्यातून किती वेळा भेट होईल? प्रकरण लिहून दिले तर किती दिवसांत परत मिळते? शोधनिबंधावर नाव कोणाचे आधी, आणि ज्या निबंधात गाइडने काही लिहिले नाही त्यावर त्याचे नाव येणार का? तुमच्याकडचे याआधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? आज ते कुठे आहेत? मध्येच सोडून कोण गेले? शेवटचा प्रश्न विचारताना आवाज कापतो, हे मला माहीत आहे. पण जो गाइड त्याचे शांतपणे उत्तर देतो, त्याच्याबद्दल तुम्हाला पाच मिनिटांत पुष्कळ कळलेले असते. जो चिडतो, त्याच्याबद्दलही.

गाइडला विचारण्याआधी करण्यासारखेही बरेच आहे. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध खुले आहेत. गाइडचे नाव टाकून त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध काढा आणि ते खरोखर वाचा. सगळे प्रबंध एकाच साच्यातले दिसले, जिल्हा बदलला आणि बाकी तेच राहिले, तर तुमच्या वाट्यालाही एक जिल्हा येणार हे समजून घ्या. प्रत्येक प्रबंधाचा प्रश्न वेगळा आणि पद्धत वेगळी असेल, तर त्या गाइडकडे विद्यार्थ्याला डोके वापरू दिले जाते. मग कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना गाठा, गाइडच्या अपरोक्ष. मुलींनी मुलींना गाठावे, कारण काही गोष्टी तिथेच कळतात. लग्न झाल्यावर थिसिस पूर्ण करणार का, असे आजही मुलाखतीत विचारले जाते. ज्या नियमांत स्त्रियांना ठरलेल्या मुदतीवर दोन वर्षे जादा आहेत आणि संशोधनाच्या काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजा आहे, लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदलावे लागले तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय आहे, ते नियम त्याच विद्यापीठाला लागू आहेत. तरी प्रश्न विचारला जातोच.

कमला सोहोनींची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. मुंबई विद्यापीठाची ही हुशार पदवीधर १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज करते, आणि संचालक सी. व्ही. रामन ती स्त्री आहे म्हणून नकार देतात. ती मागे फिरली नाही. तिने कारण विचारले, हट्ट धरला, आणि अपमानास्पद अटींवर का होईना प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला गेली तेव्हा प्रयोगशाळेत जागाच नव्हती. तिथले डॉ. रिश्टर यांनी आपले टेबल दिवसभर तिला दिले आणि स्वतः रात्री काम केले, असे सांगतात. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर आणि गरिबांच्या रोजच्या अन्नावर तिने काम केले आणि त्या संस्थेची संचालकही झाली. या गोष्टीतला रामन यांचा भाग आपण नेहमी सांगतो. मला त्यातले रिश्टर जास्त महत्त्वाचे वाटतात. नोबेल मिळालेला माणूस दार लावून घेऊ शकतो आणि फारसे नाव नसलेला माणूस आपले टेबल देऊ शकतो, हे आजच्या विद्यार्थ्याने गाइडच्या नावापुढची बिरुदे मोजताना लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण बाबासाहेबांचे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसे साठवले, उरलेल्याची जुळवाजुळव केली आणि १९२० मध्ये अर्धवट राहिलेल्या अभ्यासासाठी पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याला प्रस्तावना आहे ती त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि तिच्यात कॅनन उघड लिहितात की या लेखकाच्या बऱ्याच मतांशी मी सहमत नाही, तरीही त्याच्या विचारातला ताजेपणा मला भावतो. विद्यार्थ्याशी छापील मतभेद नोंदवून त्याच्या पाठीशी उभा राहणारा हा गाइड! आपल्याकडे किती प्रबंधांत विद्यार्थ्याचे मत गाइडच्या मतापेक्षा वेगळे निघते? आणि त्या प्रबंधाचे पुढे काय झाले तेही पाहा. चलनविषयक शाही आयोगापुढे बाबासाहेबांनी दिलेल्या साक्षीला त्याच अभ्यासाचे बळ होते. ते पुढे वकील झाले, कायदेमंडळात गेले, राज्यघटना लिहिली. प्राध्यापकी हा त्यांच्या पदवीचा एक उपयोग होता, एकमेव नव्हता.

इथून मी 'पुढे काय' या भागाकडे येते. पीएच.डी. झाली की लेक्चरर, हे गणित आपल्या घराघरांत पक्के बसलेले आहे, आणि ते आता खरे राहिलेले नाही. विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची करायचे २०१८ मध्ये ठरले, मग ती सक्ती पुढे ढकलली गेली, आणि १ जुलै २०२३ पासून ती उठवून नेट किंवा राज्याची तशीच सेट परीक्षा ही किमान पात्रता ठेवण्यात आली. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र पीएच.डी. लागते. म्हणजे नोकरीच्या दारात उभ्या असलेल्याला तिची सक्ती नाही आणि आत असलेल्याला बढतीसाठी ती हवी. त्यामुळे गाइडांच्या मोजक्या जागांसाठी दोन प्रकारची माणसे रांगेत असतात: पगार चालू असलेले शिक्षक, आणि फेलोशिपवर किंवा तिच्याशिवाय जगणारी पोरे. दुसऱ्या गटातली पोरे पदवी मिळाल्यावर सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मिळणाऱ्या पैशांवर, शिकवतात. आज या कॉलेजात दोन तास, उद्या विरारला, परवा उल्हासनगरला. सुट्टीत पैसे नाहीत. तिशी उलटलेली असते. भरतीची जाहिरात कधी येणार याची कोणाला खात्री देता येत नाही.

पैशांचे बोलणे आपल्याकडे संशोधनाच्या संदर्भात अप्रशस्त मानतात, म्हणून मुद्दाम बोलते. जेआरएफ ही केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ या वरिष्ठ फेलोशिपला ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. ती मिळालेल्यांचे मुंबईत कसेबसे भागते, तेही रक्कम वेळेवर आली तर. ज्यांना ती मिळालेली नाही, त्यांची पीएच.डी. आईच्या पगारावर, नवऱ्याच्या पगारावर किंवा क्लासेसच्या कमाईवर चालते. कोर्सवर्क धरून सहा वर्षांची मुदत, वर दोन वर्षांची वाढ, स्त्रियांना आणि दिव्यांगांना आणखी दोन. दहा वर्षांपर्यंत जाऊ शकणाऱ्या या कामात उतरणाऱ्याला त्याचा शेवट कुठे होतो हे विचारायचा हक्क नसेल, तर तो कोणाला असावा?

आणि मुंबईत तर या प्रश्नाला उत्तरे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक आणि धोरण संशोधन विभागासाठी वेगळी भरती होते. गोवंडीची लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आयआयपीएस राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम सांभाळते, तिथे आणि तशा संस्थांत सर्वेक्षणाची आकडेवारी हाताळू शकणारी माणसे लागतात. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात पेटंट तपासणारे अधिकारी बसतात. माटुंग्याच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडणाऱ्या रसायनवाल्यांना उद्योगांची दारे वर्षानुवर्षे माहीत आहेत, कारण त्या संस्थेने उद्योगांशी नाते पहिल्यापासून राखले. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शाळेतले विज्ञान कसे शिकवावे यावर काम करते. पुराभिलेखागार, संग्रहालये, अनुवाद, प्रकाशन, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था, बँकांचे जोखीम विभाग, सगळे याच शहरात लोकलच्या अंतरावर आहे. तरी मराठीत किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलाला यातल्या एकाही ठिकाणी काम करणारा माणूस सहा वर्षांत भेटत नाही.

ही भेट तिसऱ्या वर्षाच्या आत झाली पाहिजे, असे मला वाटते. कारण काय शिकायचे हे त्यावरून ठरते. त्या कल्याणच्या मुलीने शेवटी भिशीवरच काम केले. सुरुवातीलाच आम्ही दोघी बसून बोललो की तिला कॉलेजात शिकवायचे आहे, पण नोकरी मिळाली नाही तर बचत गटांसोबत किंवा छोट्या कर्जांच्या क्षेत्रात काम करायला आवडेल. म्हणून तिने मुलाखतींबरोबर आकडेवारीचे सॉफ्टवेअर नीट शिकून घेतले, एक प्रकरण मराठीत सोपे करून लिहिले आणि ज्या बायकांकडून माहिती घेतली त्यांच्यापुढेच ते वाचून दाखवले. यातले काहीही प्रबंधाच्या विरोधात गेले नाही. उलट बायकांनी वाचन ऐकून तिच्या दोन चुका दाखवल्या आणि ते प्रकरण सुधारले.

माझे सहकारी यावर आक्षेप घेतात. संशोधन हे ज्ञानासाठी असते, पहिल्या दिवसापासून नोकरीचा विचार केला तर माणूस मोठा प्रश्न हातात घेणारच नाही, असे ते म्हणतात. हे बोलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांच्यातले काही खरोखर ज्ञानासाठी जगले आहेत. पण ते कायम नोकरीत असताना जगले. ज्याला पुढच्या वर्षीच्या भाड्याची चिंता आहे तो मोठा प्रश्न घेत नाही, तो लवकर संपेल असा प्रश्न घेतो. पुढची वाट थोडी दिसत असेल तर उलट धाडस करता येते. शिवाय 'ज्ञानासाठी' हे उत्तर ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्यांनाच परवडते. तोच निकष लावला तर आझाद मैदानातली मुले संशोधनाच्या बाहेर जातील.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. गाइडनिहाय माहिती उघड केली, कोणाकडे किती वर्षे लागली, किती जण सोडून गेले हे छापले, तर गाइड सुरक्षित विद्यार्थी निवडू लागतील. ज्यांचे इंग्रजी चांगले, ज्यांच्या घरी पैसे, ज्यांना मध्येच नोकरी धरावी लागणार नाही, अशांनाच जागा मिळेल. पहिल्या पिढीतली मुले मागे पडतील. ही भीती खरी आहे. नेटच्या गुणांवर प्रवेश देताना नेट परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे, आणि त्या ३० टक्क्यांत काय काय होऊ शकते ते आपण सगळे जाणतो. म्हणून मी मागते ती माहिती दोन पातळ्यांवर असावी. रिकाम्या जागा, निवृत्तीचे वर्ष आणि पदवी पूर्ण व्हायला लागलेला काळ हे गाइडच्या नावासमोर असावे. सोडून गेलेले विद्यार्थी आणि पदवीनंतरचे काम हे विभागाच्या नावावर असावे, कारण विद्यार्थ्याला टिकवणे ही एका माणसाची जबाबदारी नाही. फेलोशिप थकली म्हणून कोणी सोडले असेल तर तसे तिथे लिहिलेले असावे. ते लिहिले गेले तर फेलोशिप देणाऱ्या सरकारलाही ते वाचावे लागेल.

हे करायला नवा कायदा लागत नाही. २०२२च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या संकेतस्थळावर गाइडांची यादी ठेवायला सांगितलेच आहे: गाइडचे नाव, पद, विभाग, त्यांच्याकडच्या विद्यार्थ्याचे नाव, विषय आणि प्रवेशाची तारीख, आणि ती यादी दर शैक्षणिक वर्षी अद्ययावत करायची आहे. म्हणजे विद्यार्थी आत केव्हा शिरला हे जगाला सांगणे बंधनकारक आहे. तो बाहेर केव्हा पडला, पदवी घेऊन पडला की न घेता, आणि आता काय करतो, हे सांगायला कोणी सांगितलेले नाही. पहिल्या दोन गोष्टी परीक्षा विभागाकडे आणि पीएच.डी.च्या कक्षाकडे आजही असतात. तिसरीसाठी पदवीदानाच्या अर्जात एक रकाना आणि त्यानंतर तीन वर्षांनी एक फोन पुरेसा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची आहे. विद्यापीठाने पुढच्या प्रवेशफेरीआधी निदान एका विद्याशाखेत ही सुरुवात करावी. मानव्यविद्येपासून केली तर उत्तम, कारण तिथल्या मुलांना पुढचे सर्वांत कमी दिसते. आणि विद्यापीठ करीपर्यंत आम्ही गाइडांनी थांबायचे कारण नाही. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांनी घेतलेली वर्षे, मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या आणि बाकीचे आज कोणत्या कामात आहेत याचे एक पान, नावे न देता, मी विभागाच्या फलकावर लावले आहे. नव्याने विचारायला येणाऱ्या मुलांना मी आधी ते वाचायला पाठवते, आणि मग आत बोलावते.